सध्या काय वाचताय, काय ऐकताय, पुढे काय? (आणि ऐकलेलं टिकवायचं कसं?)

सातपूरची_वाचक
नमस्कार मंडळी. आधी माझी यादी देते, मग प्रश्न.

नुकतंच संपलं: बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह, छापील.
सध्या चालू: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', ऑडिओ. नाशिकरोड ते सातपूर एमआयडीसी असं बसमधून जाता-येता ऐकते.
पुढे: जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व'. वाचू की ऐकू, ठरत नाहीये.

आता अडचणी. ऐकताना गोष्ट कळते, पण दोन दिवसांनी नावं आणि नाती गळून जातात. मुंबईला जाताना कसारा घाटात ऑडिओ हमखास थांबतो आणि नंतर भलत्याच जागेवरून सुरू होतो. तिसरं म्हणजे, जुन्या पुस्तकाची पीडीएफ फोनकडून वाचून घ्यायची आहे, पण फोन काहीच वाचत नाही. जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. सोबत आपापली यादीही द्या.

पानखूण
ताई, 'स्मृतिचित्रे' ऐकायला घेतलंत हे फार छान केलंत. ते पुस्तक मुळातच बोलल्यासारखं लिहिलेलं आहे. छोटे छोटे प्रसंग, घरातली भाषा, मधूनच डोकावणारा विनोद. मूळ चार भाग १९३०च्या दशकात आले. बाजारात अखंड आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात, म्हणून ऑडिओचं वर्णन आधी वाचा. नुसत्या तासांवरूनही अंदाज येतो. मराठी अभिवाचक मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द वाचतो, म्हणजे नेहमीच्या आकाराची पंचवीसेक पानं तासाभरात होतात. ३०० पानांचं पुस्तक बाराएक तासांचं भरलं पाहिजे. ते पाच तासांत संपत असेल तर कात्री लागलेली आहे.

नावं गळतात त्याचं कारण सरळ आहे. छापील पानावर नाव अडलं की डोळा आपोआप मागे जातो, कानाला ती सोय नाही. म्हणून पहिल्या तासाभरातच माणसांची यादी करा: नाव, कोणाचं कोण, गाव. पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. त्याहून मोठी यादी कोणी पुन्हा बघत नाही. दुसरी सवय म्हणजे प्रकरण संपलं की लगेच पुढचं लावू नका. दोन मिनिटं थांबून काय घडलं ते मनात एका वाक्यात मांडा. बसमध्ये एक थांबा जाईपर्यंत एवढं होतं.

वेग १.२५च्या वर नेऊ नका. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच बसतो. घाईत शेवटचा 'नाही' गिळला गेला की वाक्याचा अर्थच उलटा होतो. विभक्तीचे प्रत्ययही शब्दाच्या टोकाला असतात, वेग वाढला की आधी तेच पुसट होतात.

नारळीकरांचं आत्मचरित्र मात्र वाचाच. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे असा चार शहरांचा पट आहे. माणसं, संस्था, सनावळ्या भरपूर. अशा पुस्तकात मागेपुढे करावंच लागतं. त्यांच्या विज्ञानकथा बिनधास्त ऐका, एका बैठकीत एक कथा पुरी होते.

माझं चालू: 'विशाखा', रोज दोनच कविता, त्याही मोठ्याने म्हणून. पुढे दिवाळी अंक.

घाटमाथा
घाटाचं मी सांगतो. इगतपुरी ते कसारा बोगद्यांमुळे नेटवर्क तुटतं. स्ट्रीमिंग केलं, म्हणजे डाउनलोड न करता थेट नेटवरून ऐकलं, की अ‍ॅप जमेल तेवढा तुकडा ओढून ठेवतं आणि तो संपला की थांबतं. मग दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर तेच खातं उघडं असेल, तर नेटवर्क परत आल्यावर तिथली जुनी जागा उचलली जाते. तुमची उडी बहुतेक तिथेच पडत असावी.

उपाय: आदल्या रात्री वायफायवर पुस्तक डाउनलोड करा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून दोन मिनिटं वाजवून बघा. डाउनलोडची खूण दिसली तरी फाइल अर्धवट असू शकते, ती इथेच पकडली जाते. जागेची चिंता नको. ६४ केबीपीएसला (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) तासाला २९ एमबीच्या आसपास लागतात, म्हणजे बारा तासांचं पुस्तक साधारण ३५० एमबीत बसतं. ३२ केबीपीएसला त्याच्या निम्मं. नुसत्या बोलण्याला ६४ भरपूर झालं, १२८ घेऊन काही हाती लागत नाही.

स्क्रीन बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटांत आवाज थांबत असेल तर ते नेटवर्कचं काम नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये हीच गोष्ट 'ऑटोस्टार्ट' नावाने वेगळी असते, तीही चालू लागते.

बसमधल्या इंजिनाच्या घरघरीवर आवाज वाढवत नेऊ नका, कान दुखतील. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन घ्या, कमी आवाजातही शब्द सुटे ऐकू येतात. दुचाकीवर मात्र अजिबात ऐकायचं नाही, एका कानातही नाही. द्वारका चौकातून जाताना मागचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

अक्षरजुळणी
पीडीएफबद्दल. आधी तपासा की फाइल कुठल्या जातीची आहे. एखादी ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पाठवा. तीन शक्यता आहेत. मराठी जशीच्या तशी आली तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनला कळणारी अक्षरं आहेत, फोन वाचेल. ओळ निवडताच आली नाही तर पानांचे नुसते फोटो आहेत. आणि रोमन अक्षरांचा काला दिसला तर जुना फाँट आहे. त्याचा नेमका कन्व्हर्टर हुडकण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याही फाइलला फोटोच समजा.

फोटोंचा मजकूर असा करायचा: ३०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक घ्यायचा तो आकडा) सरळ स्कॅन घ्या. पान वाकडं असेल तर ओळी एकमेकींत घुसतात. फाइलचे २ एमबीच्या आतले तुकडे पाडा, कारण गुगलची मर्यादा तेवढी आहे. कॉम्प्युटरवर ड्राइव्हमध्ये चढवून राइट क्लिक करा आणि 'ओपन विथ' मधून गुगल डॉक्स निवडा. मजकूर तयार होतो, पण तो तसाच फोनला देऊ नका. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या हमखास उलटतात. प्रत्येक पानावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक वाक्याच्या मध्ये येतात. 'शोधा आणि बदला' वापरून नाव एका फटक्यात काढता येतं, पृष्ठांक हाताने काढावे लागतात. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडायला विसरू नका, नाहीतर फोन एका शब्दाचे दोन करून वाचतो.

मग फोनमध्ये टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये मराठीचा व्हॉइस डेटा उतरवा. ही पायरी राहिली की हिंदी आवाज मराठी वाचायला लागतो आणि चवच जाते. मराठी आवाजही 'चाक'मधला च आणि 'चित्र'मधला च यांत गफलत करतो. माहितीपर गद्याला हे सगळं चालून जातं. ओवी, अभंग, नाटक यंत्राकडून ऐकू नका, चाल आणि विराम दोन्ही मरतात.

गोदाकाठ
वेगाबद्दल पानखूण यांच्याशी पूर्ण सहमत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना १.५ चालतो, गोष्ट माहीत असल्यामुळे सुटलेला प्रत्यय मन भरून काढतं. पहिल्या वेळी त्यांचंच खरं.

माझ्या यादीत 'श्यामची आई' आहे, पुन्हा एकदा. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये छापून आलं. पुस्तकाची रचनाच 'रात्रीं'ची आहे, ४२ रात्री. रोज निजताना एक. स्लीप टायमर 'प्रकरण संपेपर्यंत' वर लावा, मिनिटांवर लावलात तर गोष्ट ऐन मध्यात तुटते. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणून २०११ पासून ही संहिता खुली आहे. घरातल्या आजी-आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड करून नातवंडांना पाठवायला कसलीही आडकाठी नाही. मात्र एखाद्या अ‍ॅपवरचं रेकॉर्डिंग उचलून वाटू नका, त्या आवाजाचा हक्क वेगळा असतो.

पुढचं: 'नटसम्राट'. नाटक एकट्या अभिवाचकाकडून ऐकताना प्रत्येक संवादाआधी पात्राचं नाव येतं आणि लय मोडते. म्हणून छापील संहिता हातात आणि बहुआवाजी रेकॉर्डिंग कानात, असं दोन्ही एकदम करा. छापील प्रत नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बघा. १८४० पासूनची संस्था आहे, जुनी नाटकं तिथे नाही मिळाली तर कुठे मिळणार?

सातपूरची_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. टॅबवर तेच खातं उघडं आहे, उडी तिथूनच येत असणार. एक विचारायचं राहिलं: 'स्मृतिचित्रे' अर्ध्यावर आहे. आता छापील प्रत घेतली तर ऐकलेली जागा पानावर शोधायची कशी?

पानखूण
टक्केवारी काढा. बारापैकी साडेचार तास झाले असतील तर ३७-३८ टक्के. छापील पानांच्या तेवढ्या टक्क्यांवर उघडा, दहा-पंधरा पानं इकडेतिकडे होतील. प्रस्तावना ऑडिओत नसेल तर ती पानं आधी वजा करा. आणि जागा सापडली की लगेच पुढे जाऊ नका, ऐकलेलं शेवटचं प्रकरण एकदा डोळ्यांखालून घाला. कागदावरच्या नात्यांच्या यादीतल्या चुका तिथेच दुरुस्त होतात.