इंद्रजाल कॉमिक्स विकताना: सरसकट भाव घेऊ नका

इंद्रजाल या जुन्या चित्रकथा-मालिकेच्या अंकांचा गठ्ठा विकायला काढलात आणि दुकानदार सरसकट एकच भाव देत असेल, तर तो घेऊ नका. आधी अंक क्रमांकाने लावा. 1964 पासूनचे सुरुवातीचे वेताळचे (म्हणजे फँटम या नायकाचे) अंक सुटे विका. ऐंशीच्या दशकातले सहज मिळतात, ते एकत्र काढा. मराठी आवृत्ती वेगळी ठेवा.

प्रत्येक अंकाची मधली जोडपानं उघडून बघा. पिना गंजल्या की ती आधी सुटतात, आणि पान गेलं की भाव कोसळतो. फाटक्या मुखपृष्ठाला चिकटपट्टी अजिबात लावू नका, डाग कायमचा राहतो. बाइंडिंग करताना कडा कापल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा. भाव ठरवताना मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत बघा.