घरमालक छपराची दुरुस्ती करत नसेल, तर भाडे थांबवता येते का?

प्रश्न (वाड्यातील भाडेकरू)

आमचे कुटुंब पुण्यातील एका जुन्या वाड्यात तीन पिढ्यांपासून राहत आहे. भाडे महिना ९०० रुपये असून ते आजवर कधी थकलेले नाही. मात्र गेल्या पावसाळ्यापासून फुटक्या कौलांमधून पाणी आत येते, दोन वासे कुजले आहेत आणि मालकांकडे वारंवार विनंती करूनही ‘बघू’ याखेरीज उत्तर मिळत नाही. सुताराने सांगितलेला खर्च ४८,००० रुपये आहे. वाड्यातील चारही बिऱ्हाडांचे भाडे सारखेच असल्याने, दुरुस्ती होईपर्यंत सर्वांनी मिळून भाडे बंद करावे असा विचार चालला आहे. हे कायद्याला धरून होईल का?

उत्तर १ (निवृत्त वकील)

भाडे बंद करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. परंतु तो ती पार पाडत नाही म्हणून भाडे रोखून धरावे, अशी मुभा त्या कलमात नाही. त्यात दिलेला मार्ग निराळा आहे. भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी एकत्रितपणे, किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतर वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर ती स्वतः करून घ्यायची आणि झालेला खर्च भाड्यातून वळता करायचा. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूने नीट ठेवल्या असतील, तर त्या मालकावर बंधनकारक ठरतात, ही त्यातील सर्वांत उपयोगी तरतूद आहे आणि तिच्याकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

अडचण पुढे आहे. कोणत्याही एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आपले वार्षिक भाडे १०,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २,७०० रुपयांपर्यंतच वजावट करता येईल. ४८,००० रुपये चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२,००० येतात आणि ते फिटायला साडेचार वर्षांच्या आसपास लागतील. जुन्या, तुटपुंज्या भाड्यांच्या जागांमध्ये हा हक्क कागदावर जितका भक्कम दिसतो तितका खिशात उतरत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तरीही भाडे थकवण्यापेक्षा हाच मार्ग बरा, कारण भाडे देणाऱ्या किंवा देण्यास तयार असणाऱ्या भाडेकरूला कलम १५ चे संरक्षण असते. थकबाकीची लेखी मागणी करून नव्वद दिवस उलटल्यावर मालक ताब्याचा दावा लावू शकतो. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सर्व थकबाकी द.सा.द.शे. १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरून आणि पुढचे भाडे वेळच्या वेळी देऊन जागा वाचवता येते, हे खरे. पण ज्या मालकाला वाडा रिकामाच हवा आहे, त्याच्या हाती असा दावा आपण होऊन का द्यावा?

उत्तर २ (लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा)

वरील उत्तर वाचून सदनिकेत अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी कलम १४ चा आधार घेऊ नये, कारण ते भाडेकरूंसाठी आहे. आमच्यासारख्या परवानाधारकाला, म्हणजे भाडेकरू म्हणून नव्हे तर केवळ मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीसाठी जागा वापरणाऱ्याला, दुरुस्तीबाबत करारात काय लिहिले आहे तेच पाहावे लागते. शुल्क थांबवले तर मालक ते बहुधा अनामत रकमेतून कापून घेतो आणि मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्काने भरपाई मागू शकतो. म्हणून करार करतानाच गळती, नळ आणि विजेची जोडणी यांची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे.

उत्तर ३ (जुना पेठकर)

कोणीतरी महापालिकेकडे तक्रार करा असे सुचवील, म्हणून आधीच लिहितो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकाम दुरुस्त करण्याची नोटीस निघू शकते, तशीच ते पाडण्याचीही निघू शकते. त्यामुळे प्रथम आपल्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्यावा. वाडा दुरुस्तीने सावरण्यासारखा आहे असे त्यात लेखी आले, तर मगच अर्ज करावा. भिंतीच खचल्या असतील, तर प्रश्न भाड्याचा उरत नाही, जिवाचा होतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. जुनी भाडेचिठ्ठी काढून पाहिली. तीत ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असे वाक्य आहे. यामुळे मालकांची जबाबदारी संपते का?

उत्तर १ (निवृत्त वकील)

माझ्या मते नाही. ‘किरकोळ’ म्हणताना कडी-कोयंडा, रंग किंवा एखादे फुटके कौल अभिप्रेत असते. वासे बदलणे त्यात बसवणे कठीण आहे. तरी ही चिठ्ठी नोटीस तयार करणाऱ्या वकिलांना अवश्य दाखवा. नोटिशीवर चौघांच्याही सह्या असाव्यात, सुताराचे लेखी अंदाजपत्रक आणि तारखेसह छायाचित्रे सोबत जोडावीत, आणि ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. काम आहे त्याच आकाराचे करावे. छप्पर उंच करणे किंवा पोटमाळा काढणे असे काही केल्यास, संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केल्याचा ठपका येऊन ताब्याच्या दाव्याला वेगळेच कारण मिळेल. या काळात वजावटीनंतरचे भाडे दरमहा बँकेतून द्यावे आणि मालकांनी ते नाकारले तर मनीऑर्डरने पाठवून परत आलेली पावती जपून ठेवावी.