मदत घरी नेऊन द्यायची की खात्यात टाकायची?

निर्मळकर
रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर आवारात वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू कुटुंबांना दर महिन्याला धान्य देतात. दोघे-दोघे घरी जातात. हेतूबद्दल शंका नाही. पण वसईच्या गावात पिशव्या घेऊन कुणाच्या ओट्यावर चढलात की संध्याकाळपर्यंत बातमी शेवटच्या आळीपर्यंत गेलेली असते. मग यादी गुप्त ठेवून काय मिळवलं?

गेल्या वर्षी माझ्या नात्यातल्या एका विधवा बाईला पिशवी हातात देता देता विचारलं, "मुलगा हल्ली मिस्साला दिसत नाही?" तिने पिशवी घेतली आणि पुढच्या महिन्यापासून नको म्हणून कळवलं. आता घरात काही नसलं तरी ती सांगत नाही.

पैसे थेट खात्यात टाका. कुणाला दिसत नाही, कुणी उलटतपासणी घेत नाही. तांदूळ रेशनवर मिळतो. लागतात ते औषधाला पैसे.

केळीवाडी
तो प्रश्न विचारणाऱ्याचे कान उपटायला मीही येतो. पण म्हणून घरी जाणंच बंद करायचं? मी अकरा वर्षं सभासद आहे. 1833 साली पॅरिसमध्ये सोसायटी सुरू झाली तीच घरभेटीतून. संस्थापक फ्रेडरिक ओझानाम तेव्हा अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी. चर्चने पूर्वी केलं ते केलं, आज तुम्ही काय करता, असं इतर विद्यार्थ्यांनी डिवचलं म्हणून तो आणि त्याचे मित्र उठले. गरिबांत आयुष्य घालवलेल्या सिस्टर रोझाली रेंडूंनी त्यांना मूफतार वस्तीतली घरं दाखवली, तिथे कसं वागायचं तेही शिकवलं. हे शिकवणं आपल्याकडे कुणी करत नाही, हे मात्र कबूल.

एका आजीकडे औषधाचे पैसे द्यायला गेलो होतो. बघतो तर औषधं घरात पडलेली, पाकिटं न फोडलेली. चष्मा फुटला होता. सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, वाचता येत नव्हतं. 800 रुपयांत चष्मा झाला. तुम्ही खात्यात 2,000 टाकले असते आणि पाकिटं तशीच राहिली असती.

चौथा मजला
हे गाववाल्यांचं भांडण झालं. आम्ही स्टेशनजवळचे फ्लॅटवाले, कुणी मंगळूरचे, कुणी केरळचे. आमच्यात कुणाची नोकरी गेली हे चर्चमध्ये कुणाला कळतच नाही, कारण यादी करणारे सगळे जुन्या आळ्यांतले. बायबलमधल्या 'प्रेषितांच्या कृत्यां'चा सहावा अध्याय काढा, पहिल्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर. त्यावर सात जण निवडले गेले आणि सातांचीही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार, त्यांच्यातलेच निवडले असावेत. आमच्या इमारतीतले दोघे घ्या समितीत, मग पिशवी की बँक ते बघू.

आगाशीची लेक
मेलबर्नहून लिहितेय. आईबाबा आगाशीला, बंगला मोठा, पैशाची अडचण नाही. त्यामुळे कुठल्याच यादीत नाहीत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमधून परमप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन एक काका येतात, जेमतेम दहा मिनिटं बसतात. त्या दिवशी बाबा सकाळी सातला दाढी करून तयार असतात. निर्मळकरदादा, मीही दर महिन्याला खात्यात पैसे टाकते. त्यासाठी बाबांनी कधी दाढी केलेली नाही.

उत्तनचा भाऊ
आमच्याकडे वाटपाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. घेणाऱ्याचा चेहरा स्पष्ट, देणारे रांगेत हसताना. आधी फोटो बंद करा, मग ओझानामच्या गोष्टी सांगा.

निर्मळकर
चष्म्याचा मुद्दा मान्य. मेलबर्नच्या ताईंना उत्तर नाही माझ्याकडे. पण केळीवाडी, तुमच्या सभेत थैली फिरते ना? कुणी किती टाकले ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. देणाऱ्याची एवढी लाज राखता, मग घेणाऱ्याची का नाही? भेटायला जरूर जा, रिकाम्या हाताने. पैसे वेगळे जाऊ द्या.

केळीवाडी
रिकाम्या हाताने गेलोय. तीन घरांत चहा मिळाला. चौथ्या घरातली बाई साखर मागायला मागच्या दाराने शेजारी गेली. मग?

निर्मळकर
बिनसाखरेचा आवडतो म्हणून सांगायचं आणि प्यायचा. साखर दुसऱ्या दिवशी, वाण्याच्या पोराबरोबर, तिच्या इतर सामानात.