ट्रिम राऊटर कुठला घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, नाशिकला सिडकोत राहतो, गच्चीवरच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी लाकडाचं काम करतो. छोटा एका हातात मावणारा राऊटर (लाकडाच्या कडा नि खाचा कापायचं मशीन) घ्यायचाय. काम म्हणजे सनमायकाच्या कडा साफ करणं, सागाच्या पाटांना नि देव्हाऱ्याला गोलाई मारणं आणि बिजागरीच्या खाचा, एवढंच, मोठा प्लंज राऊटर नकोच.

बघितलेत तीन. मकिता ३७०९ (५३० वॅट, ३०,००० आरपीएम) आणि बॉश जीकेएफ ५५० (५५० वॅट, ३३,००० आरपीएम), पण दोघांनाही स्पीड कमी-जास्त करायची सोय नाही. मकिताचाच आरटी०७००सी ७१० वॅटचा, स्पीड १०,००० ते ३०,००० आणि सॉफ्ट स्टार्टपण (सुरू होताना झटका न देता हळूहळू वेग घेतो) आहे, पण किंमत बघून हात आखडतो. मित्राचा फिक्स स्पीडवाला वापरून बघितला, सनमायका लोण्यासारखा कापला, पण सागाच्या कोपऱ्यावर जरा रेंगाळलं की लगेच काळा डाग पडतो आणि तो घासून काढेपर्यंत जीव जातो. मग स्पीड कंट्रोलला जास्तीचे पैसे द्यावेत का नुसता हात सवयीचा करावा?

दुसरं, कोलेट (बिट, म्हणजे कापायचं पातं, पकडणारा भाग) ६ एमएम का पाव इंच? पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम, त्यात ६ चा बिट नीट पकडत नाही, आणि त्या स्पीडला बिट सुटला तर विचारूच नका. इथे मेनरोड, रविवार कारंजा भागात कुठल्या मापाचे बेअरिंगवाले बिट सहज मिळतात? कार्बन ब्रश नि सर्व्हिसचं पण सांगा. ऑनलाईनचे बिननावाचे स्वस्तातले सुचवू नका राव, प्लीज.