डेअरडेव्हिलसारखी अंध नायिका नाशिकच्या गल्ल्यांत: त्याच्या किती शक्ती खऱ्या आयुष्यात टिकतात?

चित्रकथी_नाशिक

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून मराठीत चित्रकथा करतोय. नायिकेची दृष्टी लहानपणीच गेलेली, घर पंचवटीत, आणि रात्री सराफ बाजार, भद्रकाली, गोदाघाट हा तिचा इलाखा. प्रेरणा अर्थातच डेअरडेव्हिल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्व्हलने १९६४ साली आणलेला हा नायक पेशाने वकील. किरणोत्सारी द्रव्य डोळ्यांत जाऊन दृष्टी गेली आणि बाकीच्या संवेदना अफाट वाढल्या. शिवाय त्याला एक 'रडार' आहे, त्यावरून आसपासचे आकार कळतात.

आम्हाला किरणोत्सारी द्रव्य वगैरे नकोय. खऱ्या माणसाला जे जमतं तेवढ्यावरच तिला उभं करायचंय. म्हणून चार प्रश्न. रडार कितपत खरं? समोरच्याच्या हृदयाचे ठोके ऐकून खोटं पकडता येतं का? छापील कागदावरची शाई बोटाने वाचता येते का? आणि मारामारी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं, चित्रं त्याप्रमाणे काढायची आहेत.

पांढरी_काठी

रडारपासून सुरुवात करतो, कारण चारांत तेच वास्तवाच्या सर्वांत जवळ आहे. जिभेने 'टक्' आवाज काढायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखायचं. जगभर अनेक अंध माणसं हे करतात. अमेरिकेतल्या डॅनियल किशचे दोन्ही डोळे डोळ्याच्या कर्करोगामुळे तेरा महिन्यांचा होईपर्यंत काढावे लागले. तो याच तंत्रावर सायकल चालवतो आणि इतरांना शिकवतोही. पूर्वी समजूत होती की भिंत जवळ आल्याचं अंध माणसाला चेहऱ्याच्या कातडीवर जाणवतं. १९४० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात प्रयोग झाले. चेहरा झाकला तरी माणसं भिंतीआधी थांबत, कान बंद केले की धडकत. वाद तिथेच मिटला.

आता मर्यादा, कारण तुमची चित्रं चुकतील ती इथेच. जिभेच्या टकटकीची मुख्य ऊर्जा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. ३ किलोहर्ट्झला तरंगलांबी होते सुमारे ११ सेंटिमीटर, आणि त्याहून बरीच लहान वस्तू आवाज नीट परतवत नाही. वटवाघूळ ५० किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतं, तिथे तरंगलांबी जेमतेम ७ मिलिमीटर, म्हणून त्याला उडता किडा सापडतो. तुमच्या नायिकेला भिंत, उभी रिक्षा, झाडाचं खोड, उघडं दार कळेल. टकटकीत वरच्या पट्टीचाही थोडा अंश असतो, त्यामुळे विजेच्या खांबाची पुसट खूण मिळेल. कपडे वाळत घालायची तार किंवा हातातला चाकू अजिबात कळणार नाही. काच मात्र उत्तम कळते, कारण ती आवाज भिंतीसारखाच परत फेकते. डोळस माणूस ज्या काचेच्या दारावर आपटतो तिथे ती आधीच थांबेल. हे जरूर दाखवा.

एक मीटरवरच्या भिंतीवरून आवाज जाऊन यायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. इतक्या कमी वेळात प्रतिध्वनी 'वेगळा' ऐकू येत नाही, फक्त टकटकीचा पोत बदलतो. म्हणून चित्रात गोल गोल लाटा परत येताना दाखवू नका. सराफ बाजारात रात्री दोन्ही बाजूंना शटर ओढलेली असतात. पन्हळी पत्र्यावरून आवाज कडक आणि थोडा खरखरीत येतो. बोळाचं तोंड आलं की त्या बाजूचा आवाज एकदम पोकळ होतो आणि त्याच गालाला वारा लागतो. हे असं दाखवलं तर जाणकार वाचक मान डोलावेल.

गोदाघाट ही तिच्यासाठी सगळ्यात धोक्याची जागा. खाली उतरणाऱ्या पायरीवरून काहीच परत येत नाही, पुढे नुसतीच मोकळी जागा. त्यात नदीला पाणी असेल तर त्याचा खळखळाट टकटक गिळून टाकतो. उघडं गटार, खोदलेला रस्ता, फुटपाथची कड, सगळीकडे हेच. तिथे फक्त पांढरी काठी कामाची. त्यामुळे डेअरडेव्हिल काठी हत्यारासारखी फेकतो ते तुमच्या कथेत नको. फेकली की पुढच्या पायरीला ती गेलीच.

काठीची लांबी साधारण छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाइतकी, भरभर चालणाऱ्याला थोडी जास्त. झोका खांद्यांपेक्षा दोन-तीन बोटं रुंद, त्याहून नको. डावा पाय पुढे जाताना टोक उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. हा ताल चुकला की काठी हातात असूनही पाय खड्ड्यात जातो. उखडलेल्या फरसबंदीवर टोक उचलायचं नाही, जमिनीला घासत न्यायचं. काठीची खरी उणीव कमरेच्या वर आहे. उभ्या टेम्पोचा मागे उघडा लोंबणारा फाळका, दुकानाची झुकलेली ताडपत्री, वाकलेली फांदी, यांच्या खालून काठी सरळ निघून जाते आणि मार बसतो तोंडावर. आयआयटी दिल्लीने तयार केलेली, २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन यासाठीच आहे. काठीच्या मुठीवरचं यंत्र अल्ट्रासाउंडने तीन मीटरपर्यंतचा गुडघ्यावरचा अडथळा ओळखतं आणि मूठ थरथरते.

आणखी एक, नाशिकच्या थंडीसाठी. तिला माकडटोपी, हूड किंवा कान झाकणारा मुखवटा देऊ नका. प्रतिध्वनीतली कामाची माहिती वरच्या पट्टीत असते आणि लोकर नेमकी तीच शोषून घेते.

ध्वनिवेध

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. हृदयाच्या ठोक्यांबद्दल लिहितो.

उत्तर सरळ 'नाही' आहे. हृदयाचे आवाज साधारण २० ते १५० हर्ट्झमध्ये असतात आणि त्याच पट्टीत आपला कान सर्वांत मंद. ५० हर्ट्झचा आवाज नुसता जाणवायलाही ४० डेसिबलहून जास्त तीव्रता लागते. छातीच्या आतला आवाज हवेत उतरताना बहुतेक सगळा कातडीवरूनच आत परत फिरतो. म्हणून तर डॉक्टरला स्टेथोस्कोप छातीला टेकवावा लागतो. निवासी भागात रात्रीची कायदेशीर ध्वनिमर्यादाच ४५ डेसिबल आहे, आणि नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

'मग तिचे कान दहापट तीक्ष्ण करू' हाही मार्ग बंद आहे. सर्वांत चांगल्या पट्टीत, म्हणजे २ ते ४ किलोहर्ट्झला, माणसाचा कान आधीच निसर्गाच्या मर्यादेजवळ आहे. ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर कानाच्या पडद्याची हालचाल हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते. त्याखाली गेलात तर स्वतःच्या रक्ताचा आणि हवेतल्या रेणूंचा सततचा फुसफुसाटच ऐकू येईल.

खोटं पकडण्याचं म्हणाल, तर ठोके कानाला यंत्र लावून मोजले तरी भागत नाही. ठोके वाढतात भीतीने, धावल्याने, रागाने, चहाने. पोलिसांसमोर निरपराध माणसाचे ठोकेही वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात संमतीशिवाय पॉलिग्राफ (ठोके, श्वास वगैरे मोजून खोटं पकडू पाहणारी) आणि नार्को चाचणी करायला मनाई केली. नायिका कायदा मानणारी असेल तर तिच्याकडून हे करवून घेऊ नका. बोलण्यातला अडखळा, श्वास कुठे तुटला, उत्तर देताना तोंड कुठे वळवलं, हे तिला नक्की कळेल. त्यावरून संशय घेऊ द्या, निकाल नको.

मग अंध माणसाच्या कानात वेगळं काय असतं? श्रवणचाचणीत त्यांचा उंबरठा सर्वसाधारणपणे डोळसांइतकाच येतो. फरक मेंदूत असतो. २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी जिभेच्या टकटकीवर चालणाऱ्या दोन अंध व्यक्तींचा मेंदू तपासला. प्रतिध्वनी असलेले आवाज ऐकताना त्यांचा दृष्टीचा भाग, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा, कामाला लागलेला दिसला. ब्रेल वाचतानाही तोच भाग जागा होतो, आणि बाहेरून चुंबकीय धक्क्याने त्यात व्यत्यय आणला की वाचनात चुका होतात. हे मुख्यतः लहानपणी दृष्टी गेलेल्यांमध्ये दिसतं, त्यामुळे तुमची नायिका लहानपणापासून अंध आहे हे योग्यच आहे. पन्नाशीत दृष्टी गेलेलं पात्र तिच्या तोडीचं दाखवाल तर पटणार नाही.

वासाबद्दल कुणी विचारलं नाही, पण लिहून ठेवतो. अंध माणसाचं नाक जास्त तीव्र असतं याला ठोस आधार मिळालेला नाही. वास खूण म्हणून वापरतात: फुलवाला, औषधाचं दुकान, चिवड्याची भट्टी. पण दुकान बंद असलं की खूणही गेली. म्हणून रस्ता पाठ करताना कायमच्या खुणा वेगळ्या धरतात (चढ, पायरी, लोखंडी कठडा) आणि येणाऱ्या-जाणाऱ्या खुणा वेगळ्या. तिला फक्त वासावर घर शोधायला लावू नका.

सहा_ठिपके

शाईचा प्रश्न माझा. ब्रेलचा ठिपका कागदावर साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि दोन ठिपक्यांमध्ये सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असतं. वर्तमानपत्राच्या छपाईतला शाईचा थर एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे ठिपक्याच्या उंचीच्या काही सहस्रांश. बोटाला खरखर जाणवण्याची क्षमता आश्चर्यकारक आहे, गुळगुळीत आणि किंचित खडबडीत पृष्ठभागातला फरक कळतो. पण अक्षर वाचायचं तर रेषा कुठे सुरू झाली, कुठे वळली हे कळावं लागतं, आणि बोटाच्या टोकाची ती क्षमता सुमारे एक मिलिमीटरची. छापील अक्षरातल्या रेषा त्याहून जवळ असतात. म्हणजे उंचीही कमी आणि जागाही कमी.

एक छान बारकावा देतो. लहान बोटांच्या टोकाची स्पर्शक्षमता मोठ्या बोटांपेक्षा सूक्ष्म असते आणि अंध व्यक्तींची सरासरी डोळसांपेक्षा चांगली. त्यामुळे लहान चणीची मुलगी या बाबतीत धिप्पाड डेअरडेव्हिलपेक्षा सरस ठरेल. थंडीत बोटं गारठली की मात्र ब्रेल वाचायचा वेग पडतो.

शाईऐवजी नोटा दाखवा, तो प्रसंग जास्त खरा होईल. नव्या मालिकेतल्या १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी मात्र १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर. फक्त चार मिलिमीटरचा फरक, घाईत चुकायला पुरेसा. शिवाय कडेला उठावाच्या तिरक्या रेषा असतात: १०० वर चार, ५०० वर पाच, आणि २०० वर चार रेषांच्या मध्ये दोन गोल. नोट नवी असताना त्या बोटाला लागतात. भाजीबाजारातून फिरलेल्या मऊ नोटेवर काही उरत नाही, तेव्हा लांबीच मोजावी लागते. नोट दोन बोटांत धरून दुसऱ्या नोटेला टोकं जुळवायची. रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप २०२० पासून आहे, नोटेवर कॅमेरा धरला की किंमत बोलून सांगतं.

कागदपत्रं ती फोनवर वाचेल. कॅमेऱ्याने फोटो, त्यातून मजकूर, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) सवयीमुळे इतक्या वेगात की शेजारच्याला एक शब्द कळणार नाही. पण न्यायालयातले जुने हाताने लिहिलेले मराठी कागद किंवा पुसट झेरॉक्स यात अडकतात. कथानकाला लागणारी अडचण इथे आयती मिळते.

आणि वकील केलीत तरी चालेल बरं का. संतोषकुमार रुंगटा हे सर्वोच्च न्यायालयातले अंध ज्येष्ठ वकील आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंधत्वामुळे कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही असं स्पष्ट केलं. डेअरडेव्हिलमधला सर्वांत खरा भाग त्याचा काळा कोट आहे.

चित्रकथी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, लाटांची आणि काठी फेकण्याची पानं काढून टाकली. दोन गोष्टी राहिल्या. ती टकटक शिकते तो भाग दाखवायचाय, तर खरा क्रम काय? आणि मारामारी?

पांढरी_काठी

शिकवणं असं चालतं. शांत, फारसा न घुमणारा कोपरा घ्यायचा. फरशीचं न्हाणीघर किंवा पांडवलेणीतलं लेणं नको, तिथे आवाज इतका घुमतो की जवळचा प्रतिध्वनी त्यात बुडतो. आधी टकटक नकोच. तोंडाने सलग 'श्श्श' करायचं आणि स्टीलचं जेवणाचं ताट चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर आणायचं, न्यायचं, आणायचं. आवाज दाटतो आणि मोकळा होतो, तो फरक कानात बसला की ताट हातभर लांब. मग दुसऱ्याने ताट धरायचं, कधी धरायचं, कधी नाही, आणि ती सांगेल आहे की नाही. मग डावीकडे की उजवीकडे. त्यानंतर भिंत, मग दाराची चौकट, मग गल्ली.

टकटकीसाठी जीभ वरच्या दातांमागे टाळूला चिकटवून झटक्यात खाली ओढायची. नवशिक्याची जीभ खाली आपटून दुसरा आवाज होतो, 'ट-लक्' असा, आणि तो दुसराच प्रतिध्वनीवर बसतो. तो घालवायलाच वेळ जातो. दुसरी चूक मोठ्याने टकटक करण्याची. जवळच्या वस्तूसाठी हळू पुरते, मोठी केली तर स्वतःचाच आवाज प्रतिध्वनी झाकतो. बाजूला किंवा मागे काय आहे ते हवं असेल तेव्हा जोर आणि संख्या वाढवायची. डोकं सतत थोडं डावी-उजवीकडे फिरतं ठेवायचं.

कालावधीबद्दल: ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात अंध आणि डोळस, विशीपासून सत्तरीच्या पुढचे लोक दहा आठवड्यांत हे बऱ्यापैकी शिकले. त्यामुळे तिची गुरू डोळसही असू शकते.

ध्वनिवेध

मारामारीचं. नुसत्या आवाजाला हालचालीने उत्तर द्यायलाही माणसाला सुमारे १५० मिलिसेकंद लागतात, आणि ठोसा तेवढ्यात पोचलेला असतो. दुरून येणारे ठोसे टाळणारी अंध नायिका पटणार नाही. त्यापेक्षा अंधांचा ज्युदो पाहा. १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि लढत सुरूच होते एकमेकांचा पोशाख पकडून. पकड बसली की समोरच्याचा तोल, पाय उचलायचा बेत, खेच कुठून येणार, सगळं मनगटातून कळतं. २०२४ मध्ये पॅरिसला कपिल परमारने यातच भारताला कांस्यपदक मिळवून दिलं.

म्हणून तिची पद्धत अशी ठेवा: अंतर मिटवायचं, बाही किंवा कॉलर धरायची, सोडायची नाही. बोळात पाठ भिंतीला, म्हणजे मागची बाजू सांभाळावी लागत नाही. दोघे जण आले तर एकाला दुसऱ्याच्या वाटेत आणायचं. घाटावर शक्यतो लढूच द्यायची नाही, आणि लढावंच लागलं तर आधी काठीने पायरीची कड शोधून तिच्यापासून दोन पावलं आत.