शब्दचर्चा: ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ला भरपाई म्हणायचं का? आणि मॅन्युअलवर ती कोणाची?

टिपणवही: आमच्या गावातल्या छायाचित्रण शिबिरासाठी मराठीत टिपणं लिहितोय. शटर, आयएसओ, फोकस तसेच ठेवले आहेत, त्यावर वाद नको. ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’साठी, म्हणजे कॅमेऱ्याने काढलेला उजेडाचा हिशेब आपण अधिक-उणे करतो त्यासाठी, मात्र मी ‘प्रकाशभरपाई’ लिहिलं आणि ए व एस मोडच्या (ए म्हणजे छिद्र आपलं, एस म्हणजे शटर आपलं, उरलेलं कॅमेऱ्याचं) पानापर्यंत ते छान चाललं. एम म्हणजे मॅन्युअल मोडच्या पानावर गाडी अडली. माझ्या निकॉनवर एम मोडमध्ये अधिक-उणेचं बटण दाबून चक्र फिरवलं की मोजपट्टीवरचा काटा सरकतो, पण फोटो होता तसाच येतो. भरपाई झालीच नाही, तर तिला भरपाई कसं म्हणू? दुसरा शब्द आहे का कोणाकडे?

लग्नसराई: आम्ही प्लस-मायनस म्हणतो. “एक स्टॉप मायनस मार” असं ओरडलं की हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला पोरगाही बरोबर समजतो (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). प्रकाशभरपाई म्हणालात तर शिबिरातली पोरं सातबारा घेऊन तहसीलदाराकडे जातील.

शाईदौत: लग्नसराई, हसू आलं, पण मुद्दा खरा आहे. भरपाई म्हटलं की मराठी माणसाला आधी नुकसान दिसतं. शिवाय भरपाई एकाच दिशेने जाते, ती भरते. कॅमेऱ्यावर उणे दोनसुद्धा असतं आणि ‘उणे भरपाई’ म्हणजे खिशातून काढून घेणंच झालं. ‘कसर’चंही तेच. कसर भरून काढतात, जास्तीचं झालं तर कसर म्हणत नाहीत.

गंमत म्हणजे ज्यांनी हे कॅमेरे बनवले त्यांच्या भाषेत भरपाई नाहीच. जपानीत याला ‘रोशुत्सु होसेई’ म्हणतात, त्यातला होसेई म्हणजे दुरुस्ती. जर्मन लोकही दुरुस्तीच म्हणतात. भरपाई आली ती इंग्रजी पुस्तिकेतून. पण आपल्याकडे ‘दुरुस्ती’ लिहिलं तर लोक कॅमेरा घेऊन दुकानात जातील, म्हणून तोही बाद.

‘एक्स्पोजर’ला हिंदीत उद्भासन चालतं. मराठीत ते कोणी तोंडाने उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘मुलांना एक्स्पोजर मिळायला हवं’ असं पालकसभेत ऐकते, तिथेही उद्भासन चालणार नाही.

पाणथळ: शब्दाआधी यंत्र काय करतं ते बघू, म्हणजे शब्द आपोआप सापडेल.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर बगळा आहे की म्हैस, हे कळत नाही. जे दिसेल ते मधल्या राखाडी उजेडाचं आहे असं धरून तो हिशेब करतो. १८ टक्के राखाडी म्हणतात ती हीच. ए मोडला तुम्ही छिद्र एफ/८ आणि आयएसओ (फोटो किती उजळवायचा ती पातळी) २०० ठेवलं आणि मीटरने शटर १/५०० सेकंद काढलं असं समजा. अधिक एक केलं की कॅमेरा स्वतः १/२५० वर जातो. प्रकाश दुप्पट आत आला, फोटो उजळला. इथे भरपाई म्हणा, काही म्हणा, काम झालं.

आता एम मोड. एफ/८, १/५००, आयएसओ २००, तीनही तुम्ही हाताने ठेवलेत. कॅमेऱ्याकडे फिरवायला काही उरलेलंच नाही. अधिक एक केल्यावर तो एवढंच करतो की मोजपट्टीचा शून्य एक स्टॉप सरकवतो. आधी काटा मध्यावर होता, आता तो उणे एकवर दिसेल. तो मध्यावर आणायला तुम्ही शटर १/२५० केलंत तर फोटो उजळेल, पण तो तुमच्या बोटाने. निकॉनच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, एममध्ये फरक फक्त दर्शकावर पडतो. टिपणवही, तुमची समजूत बरोबर आहे.

मग लोक ते वापरतात कशाला? समजा दिवसभर पांढऱ्याच गोष्टी टिपायच्या आहेत, फ्रेमभर पांढरं. दर वेळी ‘काटा अधिक एकवर हवा’ हे डोक्यात ठेवण्यापेक्षा शून्यच हलवून ठेवायचा आणि पुढे काटा मध्यावर आणत राहायचं. काहींना सोयीचं वाटतं. मला विचाराल तर ही सोय कमी आणि सापळा जास्त. निकॉनवर ही किंमत कॅमेरा बंद केला तरी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी काटा मध्यावर बघून तुम्ही खुशीत असता आणि सगळे फोटो एक स्टॉप उजळ. एम मोडला काटा मध्यावर आणलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय? तो अधिक एकवर ठेवायचा आणि पुढे जायचं.

टिपणवही: म्हणजे एम मोडच्या पानावर ‘इथे याचा उपयोग नाही’ एवढंच लिहू?

पाणथळ: नाही! उलट माझं अर्धं काम एम मोडवरच्या भरपाईवर चालतं. आयएसओ ऑटो केलं की सगळं बदलतं.

भिगवणला होडीतून उडणारे रोहित (फ्लेमिंगो) टिपताना मी शटर १/२००० आणि एफ/६.३ पक्कं करतो, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतो. थवा उजनीच्या पाण्यावर असतो तेव्हा मागे गडद पाणी, तोच वर चढला की मागे पांढरं आभाळ. आभाळ आलं की मीटर घाबरून आयएसओ खाली ओढतो आणि पक्षी काळवंडतो. तिथे अधिक एक केलं की आयएसओ ४०० चं ८०० होतं आणि पंखाखालचा गुलाबी दिसू लागतो. शटर आणि छिद्र जागचं हलत नाही. हे एम मोडच आहे आणि भरपाई खरी आहे.

फक्त दोन गोष्टी टिपणात घाला. एक, ऑटो आयएसओला तुम्ही कमाल मर्यादा ३२०० ठेवली असेल आणि संध्याकाळी कॅमेरा आधीच ३२०० वर पोचला असेल, तर अधिक कितीही फिरवा, काही होणार नाही. दोन, ‘पांढरं दिसलं की अधिक’ हा घोकलेला नियम शिकवू नका. म्हशीच्या पाठीवर गायबगळा बसलाय, फ्रेमभर म्हैस आणि मध्ये मूठभर पांढरं. मीटर म्हैस बघून सगळं उजळवतो, आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील पार उडतो, नुसता पांढरा ठिपका. तिथे उणे एक, कधी त्याहूनही जास्त लागतं. विषय पांढरा आहे की काळा हे बघायचं नाही, मीटरला जास्त काय दिसतंय ते बघायचं.

शाईदौत: पाणथळराव, तुम्ही शून्य सरकवण्याचं सांगितलंत आणि शब्द समोर आला. पासंग!

‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे आपण रोज म्हणतो, पण पासंग ही वस्तू विसरलो. तराजूची दोन पारडी रिकामी असताना एक बाजू खाली जात असेल, तर वर राहिलेल्या पारड्याला जो खडा किंवा तुकडा बांधतात तो पासंग. शब्द फारसी, त्यातला संग म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. पासंगाने माल वाढत नाही आणि घटतही नाही, फक्त काटा खरं बोलायला लागतो. आणि तो कुठल्याही पारड्याला बांधता येतो, म्हणजे अधिक-उणेचा प्रश्नही मिटला. एम मोड, आयएसओ पक्कं: तुमचं बटण पासंग बांधतं. याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

लग्नसराई: ताई, आमच्याकडे ‘त्याच्या काट्याला पासंग आहे’ म्हणजे तो वाणी लबाड आहे असा अर्थ होतो. पोरांना वाटेल कॅमेरा मापात पाप करतो.

शाईदौत: दोन्ही अर्थ आहेत, तराजूतला फरकही पासंग आणि तो काढायला बांधलेलं वजनही पासंग. पण मीटरच मुळात म्हैस आणि बगळा एका मापाने मोजतो, म्हणजे लबाड नसला तरी आंधळा आहेच. मला अर्थ चपखल वाटतो. अर्थात ए, एस आणि ऑटो आयएसओच्या पानांवर तो चालणार नाही, तिथे माल खरोखर बदलतो.

पाणथळ: माल बदलतो यावरही एक खोच आहे. ऑटो आयएसओत सेन्सरवर पडणारा प्रकाश तेवढाच राहतो, कारण शटर-छिद्र तेच. बदलतो तो फक्त फोटोचा उजळपणा. म्हणून ‘प्रकाशभरपाई’ इथेही काटेकोर नाही. ‘उजळपणाची भरपाई’ म्हटलं तर निदान खोटं तरी नाही. जास्त खोलात जात नाही, शिबिरातली मुलं पळतील.

लग्नसराई: एक धंद्याची गोष्ट. निकॉनच्या बऱ्याच बॉड्यांवर एम मोडला पासंग (घ्या, म्हणालो!) फिरवला तर टीटीएल फ्लॅशची (लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद आपोआप ठरवणाऱ्या) ताकदही बदलते. रिसेप्शनला काळे कोट म्हणून कोणी उणे करून ठेवतो, मग हॉलचा उजेड तसाच राहतो आणि नवरानवरी अंधारात. बॉडीवर सोय असेल तर कस्टम सेटिंगमध्ये भरपाई पूर्ण फ्रेमला की फक्त पार्श्वभूमीला, हे निवडता येतं, ते एकदा तपासा. म्हणजे तुमचं ‘माल बदलत नाही’ हे फ्लॅश नसेल तोवरच खरं.

शाईदौत: तर मग पासंगाला तळटीप लागणार.

खिडकीतून: मध्येच बोलते. माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे, एकच चक्र असलेला. एम मोडला तेच अधिक-उणेचं बटण दाबून चक्र फिरवलं की आमच्याकडे छिद्र बदलतं! चक्र एकटं फिरवलं तर शटर. डी३००० आणि डी५००० घराण्यातल्या सगळ्यांना हे असंच. पासंग बांधायचा तर माहितीच्या पडद्यावर जाऊन बांधावा लागतो. शिबिरात निम्म्या मुलांकडे हेच कॅमेरे असतील, त्यामुळे ‘बटण दाबा’ एवढंच लिहू नका, नाहीतर मुलं म्हणतील फोटो बदलतोय की, मग हा पासंग कसला.

टिपणवही: हे फार कामाचं, धन्यवाद. सोनी, फूजी, कॅननचं काय लिहू?

पाणथळ: सोनी एम मोडला आयएसओ ऑटो असेल तरच भरपाई देतं, नाहीतर पट्टीवर नुसता फरक दाखवतं. बऱ्याच फूजींवर भरपाईची चकती वरतीच असते, पण तीनही गोष्टी पक्क्या केल्या की ती फिरते आणि होत काही नाही. कॅननवर आयएसओ पक्कं असताना शून्य सरकवायची सोयच नाही, म्हणजे पासंग बांधायला जागाच नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं आहे. ऑटो आयएसओसोबतची भरपाई ५डी मार्क ३ ला नव्हती, २०१४ च्या ७डी मार्क २ ला आली, पुढच्या बऱ्याच बॉड्यांना आहे. अनेकांवर सेट बटण दाबून धरायचं आणि वरचं चक्र फिरवायचं. ते आधी मेन्यूत नेमून द्यावं लागेल.

सगळ्यात सरळ वागला तो पेंटॅक्स. २००६ च्या के१०डीत त्यांनी ‘टीएव्ही’ हा वेगळा मोडच दिला, शटर-छिद्र तुमचं, आयएसओ कॅमेऱ्याचं. एम हा एम राहिला आणि गोंधळ झालाच नाही.

टिपणवही: मग असं लिहितो. ए, एस, पी (शटर-छिद्र दोन्ही कॅमेऱ्याचं) आणि एम-ऑटो आयएसओला ‘उजळपणाची भरपाई’, बोलताना प्लस-मायनस. एम आणि पक्क्या आयएसओला ‘पासंग’, चौकटीत तराजूचं चित्र, खाली फ्लॅशची तळटीप आणि डी५३००वाल्यांसाठी वेगळी ओळ.

लग्नसराई: चित्रात वाणी काढू नका म्हणजे झालं. आणि ब्रॅकेटिंगला, म्हणजे एकच फोटो वेगवेगळ्या उजेडात लागोपाठ घेण्याला, काय म्हणणार?

शाईदौत: त्याला वेगळा धागा काढा हो.