इलेक्ट्रॉनिक म्युझिक मराठीतून शिकवायचे व्हिडिओ करायचेत, अगदी नवशिक्यांसाठी. नाशिककरांनो, सल्ला हवाय

सातपूर_सिंथ
नमस्कार मंडळी. मी सातपूरला राहतो, कंपनीतल्या शिफ्टमधून उरलेल्या वेळात घरी लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो, एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर. आमच्याकडची ढोल पथकातली आणि कॉलेजची पोरं कायम विचारतात की दादा हे बीट कसं करायचं, आम्हालापण शिकव ना. त्यांना सापडतात ते व्हिडिओ इंग्रजी नाहीतर हिंदी, आणि त्यातही दुसऱ्याच मिनिटाला कॉम्प्रेसर, साइडचेन असल्या आवाज दाबायच्या अवघड गोष्टी सुरू, पोरगं तिथेच बंद करून टाकतं. म्हणून मराठीत एक मालिका करायची ठरवलीये, ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी. आता प्रश्न. शिकवू कोणत्या सॉफ्टवेअरवर, कारण माझ्याकडे एफएल आहे पण पोरांकडे बहुतेक नुसता फोन. सुरुवात कशाने करू, व्हिडिओ किती लांब ठेवू. आणि स्क्रीन रेकॉर्ड करतो तेव्हा माझं बोलणं येतं पण गाण्याचा आवाज अजिबात येत नाही, ते काय करायचं? लॅपटॉप आय फाइव्ह, आठ जीबी रॅम. माइक अजून घेतलेला नाही.

मखमलाबाद_मिक्स
आवाजाचं आधी सांगतो कारण तिथेच बहुतेक जण अडकतात. तुम्ही बहुतेक एएसआयओ फोर ऑल हा आवाजाचा ड्रायव्हर लावलाय. एएसआयओ ड्रायव्हर आवाज विंडोजच्या मिक्सरमधून न नेता थेट साउंड कार्डला देतो, आणि ओबीएस, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, डेस्कटॉपचा आवाज घेतं विंडोजकडून, मग त्याच्यापर्यंत पोचणार काय? एफएलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन एफएल स्टुडिओ एएसआयओ निवडा, त्यात एफएल आणि बाकी विंडोजचा आवाज दोन्ही एकत्र चालतं. तरी नाहीच जमलं तर गाणं एफएलमधून वेव्ह फाइल करून काढा आणि एडिटिंगला स्क्रीनच्या चित्राखाली बसवा, थोडं काम वाढतं पण आवाज एकदम स्वच्छ मिळतो.

ओबीएसमध्ये आउटपुट ॲडव्हान्स्डला टाकून माइक एका ट्रॅकवर आणि गाणं दुसऱ्या ट्रॅकवर घ्याच. दोन्ही एकात मिसळले की नंतर बोलणं वर आणि बीट खाली करता येत नाही. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) एफएल आणि ओबीएस दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व फुकट आहे पण आठ जीबी रॅमवर ते रडवेल, तुमच्या मशीनला शॉटकट बरं, तेही फुकट.

माइक साधा कॉलरचा घेतला तरी चालेल, खोली नीट निवडा म्हणजे झालं. गाद्या, रजया, कपड्यांचं उघडं कपाट असलेली खोली, पंखा बंद, तोंडापासून वीतभर अंतर. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे दिवसा रस्त्यावर जेसीबी चालूच असतो, तेव्हा बोलणं रात्री किंवा पहाटे रेकॉर्ड करा आणि स्क्रीन दिवसा.

इंदिरानगर_इअरफोन
दादा, मी शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहितेय. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोनवर बँडलॅब हे संगीत बनवायचं ॲप आहे, ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्येपण चालतं. मला व्हिडिओ अर्धवट सोडावासा वाटतो त्याचं कारण ठरलेलं आहे, शिकवणारा माझ्याकडे नसलेली वस्तू वापरतो. पहिल्याच भागात तो विकतचा प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचं वाद्य किंवा इफेक्ट) उघडतो आणि म्हणतो की तुमच्याकडे नसेल तर दुसरं काहीही घ्या. दुसरं म्हणजे काय घेऊ? आणि त्याच्या स्क्रीनवरची अक्षरं फोनवर मुंगीएवढी दिसतात. विंडोजचं स्केलिंग १५० टक्के करून रेकॉर्ड करा, आणि जिथे क्लिक करताय तिथे झूम करा.

अजून एक, हे कुणीच सांगत नाही. बरेच जण व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर बघतात आणि त्यावर २०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजतच नाही. तुम्ही म्हणाल बघा किक (ड्रमचा 'धम' ठोका) किती जड झाली आणि आम्हाला आधी आणि नंतर एकसारखंच ऐकू येईल, मग वाटतं आपल्याच कानात काहीतरी कमी आहे. सुरुवातीलाच इअरफोन लावायला सांगा. आणि लावायचे तर वायरचे. ब्लूटूथवर आवाज १००-२०० मिलिसेकंद सहज उशिरा येतो, फोनच्या पॅडवर बीट वाजवायला गेलं की सगळं मागे पडतं.

मखमलाबाद_मिक्स
ताईंचा ब्लूटूथचा मुद्दा फार महत्त्वाचा. हिशोबच करून बघा, १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्याचे चार भाग केले की एक स्टेप १२५ मिलिसेकंद. म्हणजे ब्लूटूथवर मुलगा अख्खी एक स्टेप मागे वाजवत असतो आणि स्वतःला बेताल समजतो. यावर तीन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ करा, त्यानेच कितीतरी पोरं टिकतील.

द्वारका_डीजे
मी थोडं वेगळं म्हणेन. बँडलॅब ठीक आहे पण ज्याला पुढे यात काम करायचंय त्याला एफएल किंवा एबलटनच लागणार, मग सुरुवात तिथेच का नको? एफएलची ट्रायल फुकट आहे, एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट. सातपूर भाऊंचा हातही त्याच्यावर बसलाय, जे येतं तेच माणूस चांगलं शिकवतो.

इंदिरानगर_इअरफोन
पण एफएलच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही ना. नवीन माणूस रात्री काहीतरी बनवतो आणि सकाळी ते त्याला उघडताच येत नाही, त्याने काय करायचं? मग कुणीतरी क्रॅकची लिंक देतं आणि लॅपटॉपमध्ये व्हायरस. माझ्या भावाच्या लॅपटॉपचं हेच झालं, प्रोजेक्टचं सगळं मटेरियल गेलं.

द्वारका_डीजे
हे खरंय. क्रॅक तर व्हिडिओत नावालाही नको. मग लॅपटॉपवाल्यांना एलएमएमएस सांगा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि बीटच्या चौकटी एफएलसारख्याच दिसतात, उद्या एफएलवर गेला तरी हात अडणार नाही. सिंथ (सॉफ्टवेअरमधलं आवाज तयार करणारं वाद्य) लागला तर वाइटल नाहीतर सर्ज एक्सटी, दोन्ही फुकट मिळतात. रीपरची ट्रायल ६० दिवसांची आहे पण त्यात तयार वाद्यांचे आवाज फारसे नाहीत, पहिल्या दिवशी रिकामी स्क्रीन बघून माणूस घाबरतो. नवशिक्याला नको.

पंचवटी_पेटी
मी पंचवटीत पेटी शिकवतो, वय साठीच्या पुढे, नातवामुळे या सॉफ्टवेअरची ओळख झाली. तुम्हा मुलांचं काम मला फार आवडलं म्हणून लिहितोय. आपल्याकडच्या मुलांना येतं त्यावरून पुढे न्या. स्टेप सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे बीट भरायच्या चौकटींत, १६ घरं असतात, त्रितालात १६ मात्रा. ज्याने कधी टाळी देऊन ताल मोजलाय त्याला नवव्या घराला खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) आहे हे आपोआप जाणवतं, त्याच्यासाठी ती नुसती चौकटींची रांग राहत नाही.

सुरांचंही तसंच. पियानो रोल (सूर मांडायची पट्ट्यांची चौकट) दाखवताना पट्टीने बोला, मुलांनी भजनात "काळी एक", "पांढरी चार" हे शंभर वेळा ऐकलेलं असतं. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, सा रे ग प ध, म्हणजे भूप मिळतो. थिअरी शून्य, चुकीचा सूर लागायची सोय नाही. ज्याने कधी वाद्याला हात लावला नाही त्याचीसुद्धा पाच मिनिटांत सुरेल ओळ तयार होते. चाल सुचली की मग सांगा त्याला की तू भूप वाजवलास.

आणि हे संगीत बाहेरचं आहे असं कुणी म्हणालं तर आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांबद्दल सांगा. सिनेमातले वादक, त्यांनी १९८२ साली रोलँडच्या टीआर ८०८ (ड्रमचं) आणि टीबी ३०३ (बेसचं) या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड केले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, पण आज जगभरचे लोक ते शोधून शोधून ऐकतात.

सातपूर_सिंथ
गुरुजी, काळी तीनचं आत्ता करून बघितलं, अंगावर काटा आला. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा भाग हाच.

पहिला असा करतो. १६ घरं, किक १, ५, ९, १३ वर, क्लॅप (टाळीचा आवाज) ५ आणि १३ वर, ओपन हॅट (झांजेसारखा 'छस') ३, ७, ११, १५ वर, १२४ बीपीएम, की झालं हाउस या नाचाच्या संगीताचं बीट. बँडलॅबवर आणि एलएमएमएसवर दोन्हीकडे दाखवतो. कॉम्प्रेसरचं नाव दहाव्या भागापर्यंत काढायचं नाही. लांबी सात-आठ मिनिटं बरी का? आणि उदाहरणाला फिल्मी गाण्याचा रीमिक्स घेतला तर पोरं जास्त येतील असं एक मित्र म्हणतो.

मखमलाबाद_मिक्स
रीमिक्स नको भाऊ. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा गाणं ओळखते, मग व्हिडिओ ब्लॉक तरी होतो नाहीतर कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. शिवाय मुलाच्या लक्षात गाणं राहतं, आपण शिकवलेलं नाही.

लांबीचं मिनिटावर ठरवू नका. बघणाऱ्याच्या हातून एक वाजणारी गोष्ट तयार झाली की भाग संपवा, पाच मिनिटं लागोत नाहीतर बारा. तयार झालेलं बीट पहिल्या दहा सेकंदांत ऐकवा, कुठे पोचायचंय ते कळलं की माणूस शेवटपर्यंत बघतो. बीट वाजत असताना बोलू नका, हे फार जण करतात. वाजवा, थांबवा, बोला, परत वाजवा. वर्णनात चॅप्टर टाका, पहिली वेळ ०:०० पासून आणि निदान तीन चॅप्टर, तरच ते दिसतात. शिकणारा तोच तुकडा परत परत बघत असतो, त्याला शोधायला लावू नका.

द्वारका_डीजे
रीमिक्सऐवजी नाशिक ढोल घ्या ना! तुमच्याकडे पथकातली पोरं आहेतच. टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) एक ठोका आणि हाताची एक थाप, मोकळ्या मैदानात, फोन थोडा लांब ठेवून, नाहीतर आवाज फाटतो. एकेक ठोका सुटा वाजवायला सांगा आणि पुढचा मारायच्या आधी गुंज पूर्ण विरू द्या. मग तो कापायचा, थोडा खालच्या सुरात न्यायचा आणि किकच्या जागी बसवायचा. सॅम्पलिंग म्हणजे काय ते एका भागात कळतं, कॉपीराइटची भानगड नाही आणि पोरगं स्वतःचाच ढोल ट्रॅकमध्ये ऐकतं. फक्त वाजवणाऱ्याला विचारून घ्या आणि व्हिडिओत त्याचं नाव द्या.

इंदिरानगर_इअरफोन
आणि ते ढोलाचे तुकडे वर्णनात डाउनलोडला ठेवा, वेव्हमध्ये आणि सुटे सुटे, झिप नको, खूप जणांना फोनवर झिप उघडता येत नाही. आम्ही चौघी मैत्रिणी आहोत, सगळ्या फोनवरच करतो. पहिला भाग टाकायच्या आधी पाठवलात तर करून बघू आणि जिथे अडकलो ती वेळ लिहून कळवू.

सातपूर_सिंथ
नक्की पाठवतो ताई. रविवारी पथकाचा सराव आहे, तेव्हाच ढोल रेकॉर्ड करून घेतो.